पक्षाघातानंतरची सुधारणा व जीवनगुणवत्ता : मापन (ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात)

मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी तुंबल्याने किंवा फुटल्याने पक्षाघात झालेल्या व्यक्तीला उपचार व पुनर्वसनानंतर किती हालचाल, वाचा, स्वावलंबन आणि समाधान परत मिळाले, याची ठरावीक श्रेणी व प्रश्नावल्यांच्या आधारे वेळोवेळी केलेली नोंद म्हणजे हे मापन होय. विदर्भाच्या खेड्यांत हा आजार ‘लकवा’ म्हणून ओळखला जातो. रुग्ण किती सुधारला याचे उत्तर डॉक्टर, घरची माणसे आणि स्वतः रुग्ण वेगवेगळे देतात. यांपैकी केवळ पहिले उत्तर नोंदवून थांबलेले मापन अपुरे राहते.

या प्रदेशात विषयाचे महत्त्व मोठे आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी 86 गावांत 2011 ते 2013 या काळात झालेल्या मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण असल्याचे आढळले. एकूण मृत्यूंपैकी सुमारे 14 टक्के मृत्यू त्यामुळे झाले होते. जे वाचतात त्यांच्यापैकी अनेकांचे पुढचे आयुष्य घराच्या छपरीत, बाजेवर किंवा काठीच्या आधाराने जाते, आणि त्या आयुष्याची मोजणी मृत्यूंच्या मोजणीइतकी सहज होत नाही.

रुग्णालयांत सर्वाधिक वापरली जाणारी सुधारित रँकिन श्रेणी 0 ते 6 अशी असते. 0 म्हणजे कोणतेही लक्षण उरलेले नाही, 3 म्हणजे काही मदत लागते पण चालणे स्वतःचे स्वतः होते, 5 म्हणजे अंथरुणाला खिळलेला आणि 6 म्हणजे मृत्यू. औषधांच्या चाचण्यांत बहुधा 90 व्या दिवशी हीच श्रेणी पाहिली जाते. हाता-पायांतील नेमक्या हालचाली तपासण्यासाठी 1975 मध्ये प्रसिद्ध झालेली फुगल-मायर तपासणी वापरतात. तिच्यात हालचालींचे 100 गुण असून त्यांपैकी 66 हाताचे व 34 पायाचे असतात.

दैनंदिन स्वावलंबनासाठी 1965 चा बार्थेल निर्देशांक प्रमाण मानला जातो. जेवणे, आंघोळ, दाढी-वेणीसारखी स्वच्छता, कपडे घालणे, शौच व लघवीवरील ताबा, शौचालयाचा वापर, खाटेवरून खुर्चीवर जाणे, सपाट जागेवर चालणे आणि जिना चढणे या दहा बाबींना मिळून 100 गुण असतात. तो पाच-दहा मिनिटांत भरता येतो, आशाताई किंवा परिचारिकाही प्रशिक्षणानंतर तो भरू शकतात, म्हणून खेड्यासाठी तो सोयीचा आहे. परंतु खेड्यातले घर त्यात पुरते बसत नाही. पुष्कळ घरांना जिनाच नसतो, तेव्हा जिन्याचे दहा गुण अंदाजाने दिले जातात. उलट तालुक्याला जायचे तर एसटीच्या दाराची उंच पायरी चढावी लागते, ती कोणी विचारत नाही. रुग्णालयातील कमोडवर पूर्ण गुण मिळवलेल्या माणसाला घरच्या शौचालयात उकिडवे बसून उठता येईलच असे नाही. उजवा हात गेलेल्याला डाव्या हाताने जेवण्याचा संकोच वाटतो आणि तो घरच्यांकडून भरवून घेतो. मग कमी झालेला गुण स्नायूंचा की लाजेचा, हे आकड्यावरून कळत नाही. यावर मूळ बाबीच बदलून टाकणे हा उपाय नव्हे, कारण तसे केल्यास इतर ठिकाणच्या रुग्णांशी तुलना करता येत नाही. मूळ निर्देशांक जसाच्या तसा भरून उकिडवे बसणे, जमिनीवरून उठणे, एसटीत चढणे यांची वेगळी नोंद त्याला जोडावी, हे अधिक योग्य आहे.

या निर्देशांकाची दुसरी मर्यादा वरच्या टोकाला आहे. 100 गुण मिळालेली बाई स्वतःची आंघोळ-जेवण करते, पण कापूस वेचायला दोन्ही हातांची बोटे झपाझप चालावी लागतात, आणि गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या धानाच्या रोवण्यात चिखलात तासन्‌तास वाकून उभे राहावे लागते. तिची मजुरी परत आली नसेल, तर तिच्या दृष्टीने ती सुधारलेली नाही. चालण्याचेही तसेच आहे. दहा मीटर चालण्याच्या चाचणीत सेकंदाला 0.8 मीटरपेक्षा अधिक वेग असलेली व्यक्ती घराबाहेर मोकळेपणाने वावरू शकते असे सर्वसाधारणपणे मानतात; पण ही चाचणी रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीवर होते, आणि वऱ्हाडातल्या काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात पायाला धरून बसतो. त्यामुळे सहा महिन्यांनी केलेली तपासणी जेठात झाली की श्रावणात, हे नोंदीत लिहिणे आवश्यक ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये स्वीकारलेल्या, कार्यक्षमता, दिव्यांगत्व व आरोग्य यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात शरीराचे कार्य, व्यक्तीच्या कृती आणि जीवनातील सहभाग असे वेगळे विचारात घेतले आहेत. जीवनगुणवत्तेच्या प्रश्नावल्या सहभागाकडे व मनाकडे अधिक लक्ष देतात. पक्षाघातासाठी खास तयार केलेल्या स्ट्रोक इम्पॅक्ट स्केलच्या तिसऱ्या आवृत्तीत 59 प्रश्न आणि आठ विषय आहेत. शेवटी रुग्ण स्वतःच 0 ते 100 या पट्टीवर आपली सुधारणा दाखवतो. हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा आहे, कारण तिथे माणूस प्रथमच स्वतःबद्दल निवाडा देतो. मात्र हाताविषयीच्या प्रश्नांत दाराची गोल मूठ फिरवणे, बुटाची नाडी बांधणे अशा कृती येतात. चप्पल घालणाऱ्या आणि कडी-कोयंड्याचे दार असलेल्या घरातल्या माणसाला त्या परक्या वाटतात.

पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना कधी ना कधी नैराश्य येते. मोजमाप करणाऱ्याने ते मुद्दाम शोधावे लागते, कारण रुग्ण ‘अंगात दम नाही’, ‘जेवण जात नाही’ एवढेच सांगतो आणि घरचेही ते अशक्तपणाचे लक्षण समजतात. वाचा गेलेल्या रुग्णाच्या वतीने नातेवाईक उत्तरे देतात, पण ते बहुधा रुग्णापेक्षा वाईट चित्र रंगवतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. शिवाय खेड्यात तपासणारा घरी आला की शेजारपाजारही जमतो. लघवीवरचा ताबा किंवा पती-पत्नी संबंध यांविषयी सासू-मुलांसमोर खरे उत्तर मिळत नाही. प्रश्न विचारण्यापूर्वी एकांत मिळवणे हा मापनाचाच भाग समजला पाहिजे. मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या रुग्णासाठी दुभाषीही घरातला नसलेला बरा.

फिजिओथेरपी केंद्र दूर असल्याने घरच्यांनाच व्यायाम शिकवावा, हा विचार स्वाभाविक आहे. भारतातील 14 रुग्णालयांत 1,250 रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ या चाचणीत तो तपासला गेला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण, घरच्यांना व्यायाम शिकवलेला गट आणि केवळ नेहमीचे उपचार मिळालेला गट अशा दोन्ही गटांत 47 टक्केच राहिले. कुटुंबाची माया खरी असली तरी तिने सुधारणा झाली असे गृहीत धरता येत नाही, हे मोजले म्हणूनच कळले.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हे वेगळे मापन आहे. 2016 च्या कायद्यानुसार आरक्षणासारख्या तरतुदींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. ते कायमचे नुकसान मोजते, सुधारणा नव्हे. आणि ज्या घराचा आधार निराधार अनुदानावर आहे, तिथे सुधारल्याचे सांगितल्याने पैसे बंद होतील ही भीती खरी असते. त्यामुळे पुनर्वसनाची तपासणी आणि प्रमाणपत्राची तपासणी एकाच व्यक्तीने, एकाच बैठकीत करू नये, आणि दोन्हींचा परस्परांशी संबंध नाही हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगावे. सेवा करणाऱ्या पत्नीची किंवा सुनेची झोप, कंबरदुखी आणि बुडालेली मजुरी यांची नोंद या दोन्ही तपासण्यांत नसते. काळजीवाहूंवरील ओझे मोजणाऱ्या 22 प्रश्नांच्या झरिट प्रश्नावलीने ती घेता येते.