यास्मिना रेझा आणि यास्मिना खद्रा: नाव एक, माणसं दोन

‘यास्मिनाचं ते काबूलवरचं नाटक वाचलंस का?’ असं एका मित्राने विचारलं, तेव्हा मला दोन दुरुस्त्या कराव्या लागल्या. एक तर ते नाटक नाही, कादंबरी आहे. आणि ती लिहिणारी यास्मिना बाई नाही, बाप्या आहे.

यास्मिना रेझा ही नाटककार, यास्मिना खद्रा हा कादंबरीकार. दोघंही फ्रेंचमध्ये लिहितात, दोघांचीही पुस्तकं जगभर अनुवादित झाली आहेत. त्यामुळे घोळ होतोच.

यास्मिना रेझा हे बाईचं खरं नाव. जन्म १९५९, पॅरिस. आई हंगेरियन व्हायोलिनवादक, वडील इराणी मुळाचे ज्यू. पॅरिसजवळच्या नांतेर विद्यापीठात शिकल्यावर ती जॅक लकॉक यांच्या नाट्यशाळेत गेली. तिथे संवादफेकीच्या आधी शरीर बोलकं करायला शिकवतात. मग मोलिएर, मारिव्हो या जुन्या फ्रेंच नाटककारांच्या नाटकांतून तिने कामं केली आणि १९८७ मध्ये पहिलं नाटक लिहिलं. ‘अंत्यविधीनंतरच्या गप्पा’ असा त्याच्या नावाचा अर्थ. त्याला मोलिएर हा फ्रेंच रंगभूमीचा पुरस्कार मिळाला.

तिचं लेखन नटीचं आहे, हे ‘आर’ (म्हणजे ‘कला’, १९९४) हे नाटक वाचताना लगेच कळतं. सर्ज एक चित्र विकत घेतो. पाच बाय चार फुटांचा पांढरा कॅनव्हास, त्यावर पांढऱ्याच तिरप्या रेघा, किंमत दोन लाख फ्रँक. मार्क ते बघून हसतो आणि पंधरा वर्षांची मैत्री उसवायला लागते. तिसरा मित्र इव्हान दोघांच्या मधे पडून दोघांचेही फटके खातो. शेवटी सर्ज मार्कच्या हातात फेल्ट पेन देतो आणि मार्क त्या महागड्या पांढऱ्यावर उतार काढतो, त्यावरून घसरत जाणारा स्कीवाला काढतो. नटाच्या हाताला काम, प्रेक्षकाच्या छातीत धस्स. लंडनमध्ये या नाटकाला सर्वोत्तम विनोदी नाटकाचं ऑलिव्हिए पारितोषिक मिळालं, न्यूयॉर्कमध्ये १९९८ चं टोनी पारितोषिक.

‘गॉड ऑफ कार्नेज’ या तिच्या नाटकातही तेच. मुलांच्या मारामारीवर सभ्यपणे बोलायला बसलेली दोन जोडपी. त्यात एक बाई कलेच्या पुस्तकांवर ओकते आणि नवऱ्याचा मोबाइल ट्यूलिपच्या फुलदाणीत बुडवते. असं टेबलावर बसून सुचत नसावं, रंगमंचावर वावरलेल्यालाच सुचत असावं. ‘आयुष्याची तीन रूपं’ अशा अर्थाच्या नाटकात तर पॅरिसच्या प्रयोगात २००० साली ती स्वतःच उभी राहिली होती.

आता खद्रा. खरं नाव मोहम्मद मुलसहूल, जन्म १९५५, अल्जीरियाच्या वाळवंटातलं केनाद्सा. नवव्या वर्षी वडिलांनी त्यांना लष्करी शाळेत घातलं, पुढे ते फौजी अधिकारी झाले. लष्कराने लेखन तपासून घेण्याची अट घातली, तेव्हा त्यांनी ‘यास्मिना’ आणि ‘खद्रा’ ही बायकोची नावं उसनी घेतली. २००० साली नोकरी सोडली आणि पुढच्या वर्षी खरं नाव उघड केलं. तोवर वाचक एका धीट अल्जीरियन लेखिकेचं कौतुक करत होते. फौजी अधिकारी म्हटल्यावर फ्रान्समध्ये काहींच्या भुवया उंचावल्या, कारण १९९० च्या दशकातल्या अल्जीरियातल्या यादवीच्या काळात त्या लष्करावरही कत्तलींचे आरोप होते. काबूल, तेल अवीव, बगदाद हा त्यांच्या गाजलेल्या कादंबऱ्यांचा भूगोल. रेझाचा भूगोल बहुधा एका दिवाणखान्याएवढा.

‘संवाद दिसले तर रेझा, युद्ध दिसलं तर खद्रा’ ही खूण बऱ्याचदा चालते. पण रेझाने कादंबऱ्याही लिहिल्यात. २०१६ चा रनोदो हा फ्रेंच साहित्य पुरस्कार मिळालेल्या ‘बाबिलोन’मध्ये पार्टीनंतर एक शेजारी बायकोचा गळा दाबतो आणि प्रेत सुटकेसमधून खाली न्यायचा खटाटोप होतो. खद्रा या नावाने सुरुवातीला पोलिसकथाच आल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या चाहत्याने ही चुकून उचलली तर पहिली शंभर पानं तरी त्याला पत्ता लागायचा नाही.