ऑपरेशनआधीचे पंधरा दिवस

देवगडच्या माझ्या मावशीच्या सोनोग्राफी रिपोर्टमध्ये 'फॅटी लिव्हर, ग्रेड टू' असं लिहून आलं, तेव्हा तिने तो कपाटात ठेवून दिला. लिव्हर बिघडलं म्हणजे दारू, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय, की कधी थेंबही न घेतलेल्या बाईला लाज वाटली. मावशीसारखं वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घ्यायला येणाऱ्या बहुतेकांच्या यकृतात चरबी असतेच. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

सर्जननी सांगितलं, ऑपरेशनआधी दोन आठवडे भात, पेज, घावणे, साखर बंद. मावशीला वाटलं, हा मनाचा निग्रह पाहण्यासाठीचा उपास. खरं कारण वेगळं आहे. यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या बाजूवर आडवा पडलेला असतो. जठरावरच्या या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तो उचलून धरल्याशिवाय जठर नीट दिसतच नाही. चरबीने भरलेलं यकृत मोठं, जड आणि ठिसूळ असतं. उचलताना फाटून रक्तस्राव होऊ शकतो. पिष्टमय पदार्थ थांबवले की आधी यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा संपतो. एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, तेही जातं. मग चरबी उतरू लागते. दोन ते चार आठवड्यांत यकृत इतकं आक्रसतं, की सर्जनला हात चालवायला जागा मिळते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर हा आहार डॉक्टरांना विचारूनच घ्यायचा, नाहीतर साखर धोकादायक उतरते.

मावशीने स्वतःहून नारळ सोडला, पण दिवसाचे पाच गोड चहा तसेच होते. नारळ अगदी निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. पण 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात फॅटी लिव्हरमधल्या चरबीचा माग काढला, तेव्हा सुमारे 59 टक्के चरबी अंगावरच्या मेदातून रक्तावाटे आलेली होती, 26 टक्के यकृताने स्वतः बनवलेली, त्यात साखर आणि पिष्ट हा मोठा कच्चा माल, आणि ताटातल्या तेलतुपातून थेट आलेली फक्त 15 टक्के. चहातली साखर आधी सुटायला हवी होती.

ऑपरेशननंतर काय होतं? फ्रान्समधल्या लील शहरातल्या डॉक्टरांनी यकृताला सूज असलेल्या रुग्णांची पाच वर्षांनी पुन्हा बायोप्सी केली. 84 टक्के जणांमध्ये सुजेचा आजार गेला होता. यकृतावरचे वण, म्हणजे फायब्रोसिस, 70 टक्क्यांत कमी झाले होते. मला यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते, कारण वण भरत नाहीत असंच कित्येक वर्षं मानलं जायचं. मात्र ते सावकाश भरतात, पहिल्या वर्षात घाई करून उपयोग नाही.

याला एक काळी बाजूही होती. 1960-70च्या दशकांत लहान आतड्याचा बहुतेक भाग वळसा घालून टाळायची शस्त्रक्रिया होत असे. त्यात वजन झपाट्याने घटायचं, पोषण तुटायचं आणि काहींचं यकृतच निकामी व्हायचं. ती पद्धत सोडून दिली गेली. आजही ऑपरेशननंतर प्रथिनं आणि बी-12 यांच्याकडे दुर्लक्ष झालं तर शरीर भोगतं. वजनासाठी जठराचा बायपास झालेल्यांना दारू लवकर आणि जास्त चढते, तेव्हा ती टाळलेलीच बरी.

मावशी आता मासळीच्या तुकड्यापासून जेवायला सुरुवात करते आणि भात शेवटी, दोन घास. गणपतीत तिने एक मोदक अर्धा तास घेऊन खाल्ला. पुढच्या महिन्यात तिचा फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, आहे, आणि यावेळी रिपोर्ट कपाटात जाणार नाही असं तिने कबूल केलंय.