तलवारबाज पात्र घेऊन येताय? टेबलावर बसण्याआधी हे वाचा

आमच्या दुकानातल्या शनिवार-रविवारच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या टेबलांवर आता तलवारबाज नसलेली टोळी शोधावी लागते. हातात रेपियर (भोसकायची सडपातळ तलवार), पायांत चपळाई आणि जिभेला धार असं पात्र प्रत्येकाला हवं असतं. आम्हाला त्याचा आनंदच आहे, कारण ही पात्रं चांगली खेळली तर सगळं टेबल रंगतं. पण त्यांच्यावरून दर आठवड्याला तोच वाद होतो आणि बाकीचे चौघे फासे हातात धरून बसून राहतात. म्हणून हे पत्रक. तुम्ही या खेळाचं, म्हणजे डीएनडीचं, पाचवं एडिशन (2014च्या किंवा 2024च्या नियमांचं) थोडंफार खेळला आहात असं धरून ते लिहिलंय.

वाद असतो रिअ‍ॅक्शनचा, म्हणजे बहुतेकदा दुसऱ्याच्या पाळीत लगेच द्यायच्या प्रत्युत्तराचा. सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक राउंड. एका राउंडला रिअ‍ॅक्शन एकच. ती वापरली की तुमची पुढची पाळी सुरू होईपर्यंत परत मिळत नाही. नियम सगळ्यांना पाठ असतो, तरी चूक होते, कारण तलवारबाजाच्या शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, या एका वस्तूला पाच गिऱ्हाइकं असतात: बॅटल मास्टर या फायटरच्या प्रकाराचं रिपोस्ट (शत्रूचा वार हुकला की उलटा वार), त्याचंच पॅरी, डिफेन्सिव्ह ड्युएलिस्ट हे फीट (पात्राने निवडायचं जादा कौशल्य), रोग या वर्गाच्या पाच लेव्हल असतील तर अनकॅनी डॉज (लागलेल्या वाराची इजा अर्धी), आणि समोरचा पळू लागला तर ऑपर्च्युनिटी अटॅक. शीटवर या पाच गोष्टी पाच वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेल्या असतात. लढाईच्या भरात प्रत्येक वेळी नजर वेगळ्या ठिकाणी जाते आणि प्रत्येक गोष्ट नवीनच वाटते.

आमच्या टेबलावर अनेकदा घडलेला प्रसंग सांगतो. पाच लेव्हलचा फायटर, बॅटल मास्टर. अंगात स्टडेड लेदरचं चिलखत, डेक्स्टेरिटी (चपळाई) 18, म्हणजे एसी 16; वार लागायला शत्रूला हा आकडा गाठावा लागतो. पुढ्यात दोन गोब्लिन. पहिल्या गोब्लिनच्या वीस बाजूंच्या फाशावर 13 पडले, त्याच्या कौशल्याचे 4 मिळवून 17. वार लागला. खेळाडू म्हणतो, “डिफेन्सिव्ह ड्युएलिस्ट, अधिक तीन, एसी 19. हुकला!” बरोबर आहे. पण लगेच पुढचं वाक्य येतं: “हुकला ना? मग रिपोस्ट!” इथे डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, त्याला थांबवावं लागतं. वार हुकवायला जी रिअ‍ॅक्शन खर्च झाली, तीच रिपोस्टला लागणार होती. मग पुस्तक उघडतं, कोणीतरी मोबाइलवर शोधतं आणि दहा मिनिटं जातात.

हा खेळाडू लबाडी करत नसतो. उलट, ज्यांनी खरी तलवारबाजी शिकली आहे त्यांचीच ही चूक जास्त होते. भवानी देवी टोकियोला ऑलिंपिकमध्ये सेबर खेळली, ऑलिंपिकला गेलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. तेव्हापासून फेन्सिंगच्या क्लासला जाणारी मुलंमुली आमच्याकडेही येऊ लागली. त्यांच्या खेळात पॅरी आणि रिपोस्ट हे एकाच श्वासातलं काम आहे: वार अडवायचा आणि त्याच ओघात उलटा द्यायचा. फॉइल आणि सेबर या फेन्सिंगच्या प्रकारांमध्ये तर वार अडवणाऱ्याच्या प्रतिवारालाच अग्रक्रम मिळतो. त्यामुळे आधी पॅरी, मग रिपोस्ट हे त्यांच्या हातात बसलेलं असतं, आणि शीटवर दोन्ही नावं दिसली की ते ती जोडतात.

त्यांना आम्ही हे समजावतो. या खेळात तुमचं अडवणं एसीच्या आकड्यातच आहे. स्टडेड लेदरचे 12 आणि तुमच्या चपळाईचे 4 मिळून जे 16 होतात, त्या 4मध्ये तुमचं मनगट आलं, पायांची हालचाल आली, तलवारीवर तलवार घेणंही आलं. गोब्लिनच्या बेरजेत 12 आले आणि वार हुकला, तर तो तुम्ही अडवला म्हणूनच हुकला. त्यानंतरचं रिपोस्ट हेच खरं पॅरी-रिपोस्ट. शीटवरचं पॅरी वेगळं आहे: वार लागून गेल्यावर इजा कमी करण्यासाठी. एवढं कळलं की मुलांचे चेहरे खुलतात आणि वाद मिटतो.

आता त्या दोन गोब्लिनांकडे परत जाऊ, कारण खरी मजा पुढे आहे. पहिला वार अंगावर घेतला तर काय होईल? सहा बाजूंचा एक फासा अधिक 2, म्हणजे जास्तीत जास्त 8 हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजायचे गुण) जातील. पाच लेव्हलच्या फायटरला ते सोसतं. दुसऱ्या गोब्लिनला एसी 16 गाठायला फाशावर 12 लागतात, म्हणजे वीसपैकी अकरा वेळा तो हुकणार. हुकला की रिपोस्ट: रेपियरचा डी-आठ (आठ बाजूंचा फासा), सुपिरिऑरिटीचा, म्हणजे बॅटल मास्टरच्या डावपेचांचा, डी-आठ, डेक्स्टेरिटीचे 4, ड्युएलिंग स्टाइल असेल तर आणखी 2. दोन्ही फाशांवर एकेक पडला तरी इजा 8 होते आणि 2014च्या पुस्तकातल्या साध्या गोब्लिनला हिट पॉइंट 7 असतात. तुमचा वार लागला की तो मेलाच. तलवारबाज खेळायचा तो अशा हिशेबासाठी. कुठला वार घ्यायचा आणि कुठल्या वाराची वाट बघायची, हे ठरवण्यात या पात्राचा जीव आहे. पाचही रिअ‍ॅक्शन एका राउंडला मिळाल्या असत्या, तर ठरवायला काही उरलंच नसतं.

म्हणून आमच्या टेबलावर प्रत्येक तलवारबाजाला एक लाकडी चकती मिळते. रिअ‍ॅक्शन वापरली की चकती डीएमच्या हातात द्यायची. तुमची पाळी आली की डीएम ती परत करतो. काही जुन्या खेळाडूंना हे पोरकट वाटतं, “आम्ही लक्षात ठेवतो की” असं ते म्हणतात. तरी चकती सगळ्यांना आहे, कारण ती आल्यापासून हा वाद जवळपास थांबलाय. टेबलावर वापरायला तिचे पैसे नाहीत. घरच्या टोळीसाठी हवी असेल तर काउंटरवर विचारा.

फाशांचंही एक आहे. बाजारात मिळणाऱ्या सात फाशांच्या संचात डी-आठ एकच असतो. बॅटल मास्टरला तिसऱ्या लेव्हलला सुपिरिऑरिटीचे चार डी-आठ मिळतात, शिवाय रेपियरचा एक वेगळा. एकाच फाशावर सगळं भागवलं की किती उरले याची मोजदाद चुकते. आम्ही सुटे डी-आठ ठेवतो. एका रंगाचे चार घ्या, समोर मांडा आणि वापरलेला बाजूला सरकवा. आमच्याकडूनच घ्या असं नाही, पण घ्या जरूर.

दोन रेपियर घेऊन येणाऱ्यांनी हे वाचा. 2014च्या नियमांत दोन्ही हातांनी लढायचं तर दोन्ही हत्यारं लाइट (हलक्या प्रकारची) हवीत आणि रेपियर लाइट नाही. ड्युअल विल्डर फीट घेतलं तर त्या नियमांत दोन रेपियर चालतात. 2024च्या नियमांत ते फीट घेऊनही पहिला वार लाइट हत्यारानेच करावा लागतो, म्हणून एका हातात शॉर्टस्वोर्ड ठेवा. आमचा स्वतःचा सल्ला असा की एकच रेपियर घ्या आणि ड्युएलिंग स्टाइल निवडा. त्या स्टाइलला दुसऱ्या हातात दुसरं हत्यार चालत नाही, पण ढाल चालते. हे अनेकांना माहीतच नसतं आणि एसीचे 2 हकनाक जातात.

फायटर नको असेल तर रोगचा स्वॉशबकलर हा प्रकार बघा. ज्याच्यावर वार केलात, त्याला त्या पाळीत तुमच्यावर ऑपर्च्युनिटी अटॅक करता येत नाही. वार करायचा आणि सहज बाहेर पडायचं, नवशिक्याला याहून सोपा तलवारबाज नाही. आणखी एक गोष्ट: स्नीक अटॅक (रोगच्या वाराची जादा इजा) राउंडला एकदा नसतो, पाळीला एकदा असतो. त्यामुळे स्वॉशबकलरमध्ये बॅटल मास्टरच्या तीन लेव्हल मिसळल्या, तर शत्रूच्या पाळीत केलेल्या रिपोस्टलाही स्नीक अटॅक लागू शकतो. हे नियमात बसतं आणि आम्ही ते मान्य करतो. डीएमला मात्र आधी सांगून ठेवा.

दांडपट्ट्याचं बरेच जण विचारतात आणि प्रश्न आमच्या आवडीचा आहे. पट्ट्याला रेपियरचे आकडे देऊ नका. रेपियर भोसकायचं हत्यार, त्याची सगळी करामत मनगटात. पट्ट्यात हात कोपरापर्यंत खोबळ्यात, म्हणजे हात झाकणाऱ्या धातूच्या मुठीत, असतो, मनगट मोकळं नसतं. वार खांद्यातून आणि अख्ख्या अंगाच्या फिरण्यातून येतो, कापत जातो. आमच्या टेबलावर त्याला शिमिटर या वाकड्या तलवारीचे आकडे लावतो: डी-सहा, कापणारी इजा, फिनेस (ताकदीऐवजी चपळाई वापरता येते) आणि लाइट. लाइट असल्यामुळे दोन्ही हातांत दोन पट्टेही घेता येतात. मर्दानी खेळ पाहिलेल्यांना याचं कारण सांगावं लागत नाही.

पाथफाइंडर या डीएनडीसारख्याच दुसऱ्या खेळाच्या टेबलावर येणाऱ्यांसाठी दोनच ओळी. तिथेही रिअ‍ॅक्शन एकच. दुसऱ्या एडिशनच्या स्वॉशबकलरला ऑपर्च्युन रिपोस्ट तिसऱ्या लेव्हलला मिळतं आणि ते शत्रूचा वार नुसता हुकून चालत नाही, क्रिटिकल फेल, म्हणजे सपशेल फसलेला, व्हावा लागतो. डीएनडीची सवय तिथे आणू नका.

आम्ही सेशनच्या दोन दिवस आधी शीट मागतो, याबद्दल काहींची तक्रार असते. एकदा शीट न बघता एक टेबल सुरू केलं होतं. पुलावरच्या एका लढाईत पहिल्याच राउंडला पाऊण तास गेला आणि पहिल्यांदाच खेळायला आलेली दोन कॉलेजची मुलं आपली पाळी नीट न खेळताच घरी गेली. त्या दोघांची आम्हाला आजही चुटपुट आहे. तेव्हापासून शीट आधी बघतो आणि रिअ‍ॅक्शन खाणाऱ्या प्रत्येक ओळीसमोर लाल पेनाने एक टिंब देतो. 2014 की 2024, कुठल्या नियमांनी पात्र बनवलंय तेही वर लिहा. एका टेबलावर एकच चालतं. शनिवारसाठी शीट गुरुवारी संध्याकाळपर्यंत द्या, छापील किंवा फोटो काढून. पात्र बनवताना अडलात तर बुधवारी संध्याकाळी दुकानात या, सोबत बसून करू. त्याचे पैसे घेत नाही.