रेडिएटर की कंडेन्सर? जुन्या गाडीचं नाक फुटल्यावर आधी काय बघायचं

उसाचा हंगाम सुरू झाला की निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या रस्त्यांवर रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. कित्येकींना मागे ना लाल लाइट, ना रिफ्लेक्टर. ट्रॉलीचा हौदा मोटारीच्या बंपरपेक्षा उंच. त्यामुळे मागून धडकलेल्या गाडीचा बंपर बऱ्याचदा शाबूत राहतो आणि मार बसतो तो बोनेटला, पुढच्या ग्रिलला आणि ग्रिलमागच्या जाळ्यांना. गाडी गॅरेजला लावली की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘रेडिएटर होग्याद री.’ मिस्त्री मराठी असला तर, ‘रेडिएटर गेलाय बघा, सगळंच बदलायला पाहिजे की.’

या ‘सगळंच’मध्ये दोन वेगळ्या वस्तू असतात. ग्रिलमधून डोकावलं की जी चंदेरी जाळी दिसते, तिला बहुतेक लोक रेडिएटर म्हणतात. एसी असलेल्या बहुतेक गाड्यांत ती रेडिएटर नसते, एसीचा कंडेन्सर असतो, म्हणजे एसीचा गॅस थंड करणारी जाळी. इंजिनचं पाणी थंड करणारा रेडिएटर त्याच्या मागे, मध्ये जेमतेम बोटभर जागा, आणि त्याच्या मागे पंखा. म्हणजे पुढून ठोकर बसली की पहिला बळी कंडेन्सरचा. मागचा रेडिएटर वाचलेला असू शकतो, आणि जुन्या गाडीच्या खर्चात खरा फरक इथेच पडतो.

ओळखायला सोपं आहे. रेडिएटरच्या दोन टोकांना काळ्या प्लास्टिकच्या टाक्या असतात आणि त्यांना अंगठ्यापेक्षा जाड रबरी होज जोडलेले असतात. कंडेन्सरला बारीक ॲल्युमिनियमच्या नळ्या नटबोल्टने आवळलेल्या असतात. गळतीही वेगळी. रेडिएटर फुटला तर हिरवं, लाल किंवा निळं, बोटाला चिकट लागणारं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) जमिनीवर सांडतं. कंडेन्सर फुटला तर फुस्स आवाज करत गॅस उडून जातो, आणि फुटलेल्या जागी तेलकट डाग राहून त्यावर धूळ बसते. एसी चालू असताना गाडीखाली, डाव्या सीटच्या बाजूला नितळ पाणी ठिबकतं ते या दोन्हींतलं नव्हे. ते हवेतलं बाष्प आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

आता महत्त्वाचं. कंडेन्सर गेला तर एसी बंद पडतो, एवढंच. गाडी चालवता येते, फक्त एसीचं बटण दाबायचं नाही, कारण कंप्रेसरचं (एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाचं) ऑइल गॅसबरोबर फिरतं आणि गॅस नसताना तो कोरडा फिरला तर तोही जायचा. नव्या गाड्यांत प्रेशर स्विच त्याला सुरूच होऊ देत नाही, पण जुन्या गाडीत त्या स्विचच्या भरवशावर राहू नये.

रेडिएटर गळत असेल तर मात्र गाडी एक किलोमीटरही चालवू नका, टोचन करून न्या. ‘काटा वर गेला की थांबवतो’ असं म्हणणारे इथेच फसतात. कूलंट पूर्ण निघून गेलं की सेन्सरभोवती पाणीच उरत नाही. काटा नॉर्मल दाखवत राहू शकतो, किंवा खालीही येतो, आणि तोवर इंजिनच्या डोक्यावरचं ॲल्युमिनियमचं झाकण, म्हणजे हेड, वाकलेलं असतं. हेड गॅस्केट आणि हेड घासून सपाट करण्याचा (फेसिंगचा) खर्च रेडिएटरच्या कितीतरी पट असतो. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. त्या झाकणामागे साधारण 0.9 ते 1.1 बार दाब असतो. झाकण सैल केलं की उकळतं पाणी तोंडावर येतं.

स्वस्तात काय करता येतं? ॲम्बॅसडर-पद्मिनीच्या जमान्यातले रेडिएटर तांब्या-पितळेचे होते, झाळकाम करून वर्षानुवर्षं चालायचे. आत्ताच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकची टाकी दाबून बसवलेली असते. फक्त टाकीला चीर गेली असेल तर रेडिएटरवाले नुसती टाकी आणि गॅस्केट बदलून देतात. जाळीच फाटली असेल तर नवा घ्या. भंगारातला जुना रेडिएटरही चालतो, पण घेताना पाण्याच्या टबात बुडवून हवा भरून दाखव म्हणावं. बुडबुडे आले की परत ठेवा. भंगारातला कंडेन्सर मात्र मी घेणार नाही. तो किती महिने नळ्या उघड्या ठेवून पडला होता कुणास ठाऊक. आत दमट हवा गेलेली असते, आणि एसीच्या आत ओल म्हणजे गंज. नवा कंडेन्सर बसवतानाही ड्रायर (एसीतली ओल शोषणारी डबी) नवा घालायचा आणि गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम करायचं. ‘ड्रायर चालतोय की अजून’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ड्रायरचे पैसे वाचवून सगळ्या कामावर पाणी पडतं.

म्हणून बेळगावात जुनी गाडी असेल तर माझा कल स्पष्ट आहे: आधी क्रॉस मेंबर (गाडीच्या नाकातली आडवी लोखंडी चौकट) सरळ, मग रेडिएटर, मग पंखा. कंडेन्सरला शिमग्यापर्यंत वेळ आहे. आपल्याकडे थंडीत एसी लागतो कुणाला? फक्त उघड्या नळ्यांची तोंडं प्लास्टिक आणि टेपने घट्ट बांधून घ्या, आणि चेमटलेला कंडेन्सर रेडिएटरला टेकत असेल तर काढून ठेवा, नाहीतर हवा अडते. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडून चोर्ला घाटात जाणाऱ्यांना मात्र काचेवरची वाफ घालवायला एसी कामाला येतो. तो नसेल तर हीटर काचेवर सोडून खिडकी थोडी खाली घ्यायची. हीटर कूलंटच्या उष्णतेवर चालतो, त्याचा कंडेन्सरशी संबंध नाही.

क्रॉस मेंबर पहिला का, तर रेडिएटर त्यावरच बसतो. तो वाकडा ठेवून नवा रेडिएटर आवळला की टाकीवर ताण येतो आणि काही महिन्यांत पुन्हा चीर. बोनेटचं लॉकही त्याच्याच वरच्या पट्टीत असतं. टिंकरिंगवाल्याने साखळी लावून ओढल्यावर बोनेटच्या दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का बघा. एप्रनच्या (बोनेटखाली दोन्ही बाजूंना असणाऱ्या आतल्या पत्र्याच्या) जोडावरचा रंग तडकला असेल तर मार आतपर्यंत गेलाय. तिथे स्वस्ताईचा विचार सोडा.

गाडी ताब्यात घेताना एसी बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवा. पंखा आपोआप लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने बंद झाला पाहिजे. हायवेला हवा लागते म्हणून पंख्याचा दोष कळत नाही. चन्नम्मा सर्कलला सिग्नलमध्ये अडकलात की कळतो.

राहिला विमा. नुसता थर्ड पार्टी असेल तर आपल्या गाडीला काही मिळत नाही. फुल इन्शुरन्स असला, तरी झिरो डेप्रिसिएशन (पार्ट जुना म्हणून पैसे न कापण्याची जादा सोय) नसेल तर दहा वर्षांवरच्या गाडीत धातूच्या पार्टवर 50 टक्के कापतात, प्लास्टिक-रबरावर गाडी कितीही नवी असो 50 टक्के. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये पदरचे, आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो तो वेगळा. नुसता रेडिएटर गेला असेल तर क्लेम न करणंच बहुतेक वेळा स्वस्त पडतं. दोन्ही जाळ्या, बोनेट आणि हेडलाइट एकदम गेले असतील तर गॅरेजवाल्याला हात लावू देण्याआधी विमा कंपनीच्या सर्व्हेअरला बोलवा.