महिन्याचा पगार म्हणजे ओव्हरटाइम नाही?

‘महिन्याचा पगार आहे, वर सुपरवायझर केलंय, म्हणजे ओव्हरटाइम संपला,’ असा मेसेज कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत, फिरत असतो. तसं वाटणं साहजिक आहे. ओळखपत्रावर हुद्दाच तसा छापलेला असतो ना! पण नुसत्या हुद्द्यावर भागत नाही, प्रत्यक्ष काम बघावं लागतं. रजा मंजूर करणं, माणसं लावणं तुमच्या हातात आहे, की दिवसभर तुम्हीही मोल्डिंगवरच, म्हणजे साचे बनवायलाच, उभे? दुसरं असेल, तर केवळ मासिक पगार आहे म्हणून हक्क जात नाही. जादा तासाला दुप्पट दर हे १९४८च्या कारखाने कायद्यापासून चालत आलंय. समजा, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये. २६ दिवस, ८ तास धरले तर तासाला १२५, जादा तासाचे २५०. नेमणूकपत्र, हजेरी आणि पगाराची स्लिप शेजारी ठेवून एकदा ताडून बघा.