नोकरी गेली किंवा मिळालीच नाही: बेळगाव सीमाभागातल्या मराठी मंडळींसाठी बेकारी भत्त्याचे अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

उद्यमबागेतल्या फौंड्रीत ऑर्डरी कमी झाल्या की पहिल्यांदा ठेकेदाराकडची पोरं घरी बसतात. ऑर्डरी परत येतात, भट्ट्या पेटतात, पण घरी बसलेल्यांतल्या सगळ्यांना बोलावणं येत नाही. कमी माणसांत जादा पाळ्या लावून काम उरकतं आणि नवीन भरती पुढच्या महिन्यावर ढकलली जाते. देशाच्या श्रमबल पाहणीतही हेच दिसतं. जुलै २०२३ ते जून २०२४ या काळात १५ वर्षांवरच्या सगळ्यांचा बेकारीचा दर ३.२ टक्के होता, पण १५ ते २९ वयोगटाचा १०.२ टक्के. बाजार सावरतोय म्हणतात, तेव्हा तरुण पोरं अजून रांगेत असतात.

या रांगेतल्यांसाठी काही हक्काचे पैसे आहेत. आपल्या भागात बऱ्याच जणांचे ते बुडतात, आणि अपात्रतेपेक्षा जास्त वेळा कागद जुळत नाहीत म्हणून बुडतात. म्हणून नियम सांगताना कागदांवर जरा जास्त बोलणार आहे.

आधी एक फरक लक्षात घ्या. शिक्षण पूर्ण झालं आणि नोकरी लागलीच नाही, त्यांच्यासाठी कर्नाटक सरकारची युवानिधी. नोकरी होती आणि गेली, त्यांच्यासाठी ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या योजना. या दोन्हींचं कार्यालय वेगळं, अर्ज वेगळा, अटी वेगळ्या. ग्राम वनमध्ये, म्हणजे गावातल्या सरकारी सेवा केंद्रात, जाऊन नुसतं 'बेकारी भत्त्याचा फॉर्म द्या' म्हटलं की गोंधळ तिथूनच सुरू होतो.

युवानिधी

नोंदणी २६ डिसेंबर २०२३ ला सुरू झाली आणि १२ जानेवारी २०२४ ला शिमोग्यात पहिले पैसे वाटले गेले. पदवीधराला महिना ३,००० रुपये, पदविकाधारकाला १,५००. नोकरी लागेपर्यंत किंवा जास्तीत जास्त दोन वर्षं. म्हणजे पूर्ण मुदत मिळाली तर ७२,००० किंवा ३६,००० रुपये. पोस्टाने अर्ज पाठवणं, मुलाखतीला हुबळी-बंगळूरला जाणं, क्लासची फी, एवढ्याला हा आधार पुरेसा आहे. घर चालवायला नाही.

२०२२-२३ ला पास झालेल्यांपासून योजना सुरू झाली, नंतर २०२३-२४ च्या मुलांनाही घेतलं. निकालानंतर १८० दिवस बेकार असणं ही मुख्य अट, त्यामुळे निकाल लागल्या लागल्या अर्ज करून उपयोग नाही. पुढच्या शिक्षणाला प्रवेश घेतलेला असेल, अप्रेंटिसचं विद्यावेतन चालू असेल, सरकारी किंवा खाजगी नोकरी असेल, सरकारी योजनेतून कर्ज घेऊन धंदा टाकला असेल, तर पैसे मिळत नाहीत. आयटीआयचं प्रमाणपत्र पदविकेत धरत नाहीत. आयटीआयवाल्या पोरांनी त्यात वेळ न घालवता अप्रेंटिसच्या नोंदणीकडे वळावं.

सीमाभागातल्यांची खरी अडचण रहिवासाच्या अटीत आहे. अर्जदार कर्नाटकचा रहिवासी हवा आणि त्याचं किमान सहा वर्षांचं शिक्षण कर्नाटकात झालेलं हवं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची कितीतरी मुलं मधली वर्षं चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरला काढतात. तुमचंही तसं असेल तर आधी बसून वर्षं मोजा. एसएसएलसी आणि पीयूसीची मार्क्स कार्डं हा सगळ्यात सोपा पुरावा. दहावी-बारावी पलीकडे झाली असेल, किंवा पदवी महाराष्ट्रातल्या विद्यापीठाची असेल, तर इकडच्या शाळेचा शिक्षणाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात आधी विचारा आणि मगच अर्ज भरा.

अर्ज सेवा सिंधू या कर्नाटक सरकारच्या पोर्टलवर होतो. स्वतः भरता येतो, नाहीतर ग्राम वन, कर्नाटक वन किंवा ग्रामपंचायतीच्या बापूजी सेवा केंद्रात. जवळ ठेवायचं ते असं: आधार, आधारला जोडलेला चालू मोबाईल, आधार जोडलेलं बँक खातं, मार्क्स कार्डं आणि पदवीचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्राची झेरॉक्स इथे कामाची नाही. ते नॅडवर, म्हणजे देशाच्या ऑनलाइन शैक्षणिक कोठारात, विद्यापीठाने चढवलेलं असावं लागतं. तुमचं तिथे दिसत नसेल तर ग्राम वनवाला काही करू शकत नाही. कॉलेजच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता नावाचं. मार्क्स कार्डावर 'पाटील मारुती परशराम', आधारवर 'मारुती पी पाटील', बँकेत 'मारुति परशुराम पाटील'. माणूस एकच, पण संगणकाला तीन दिसतात. मराठी शाळेतलं नाव, कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं नाव आणि बँकेतल्या साहेबाने ऐकून लिहिलेलं नाव, असं आपल्याकडे घराघरांत आहे. उपाय एकच: दहावीच्या मार्क्स कार्डावरचं नाव प्रमाण धरा, आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, मग बँकेत केवायसी नव्याने द्या. हे काम निकालानंतरच्या १८० दिवसांतच उरकून घ्यावं, कारण तेव्हा हातात वेळ असतो. घाईत उलटं केलं, आधी बँक आणि मग आधार, तर दोनदा हेलपाटे पडतात.

अर्ज मंजूर झाला की काम संपलं असं समजू नका. आपण अजून बेकार आहोत आणि शिकत नाही, अशी स्वयंघोषणा सेवा सिंधूवर ठरल्या मुदतीत द्यावी लागते. सुरुवातीला ती दर महिन्याच्या २५ तारखेच्या आत होती. नंतर नियम बदलत आले, म्हणून आपल्या लॉगिनला आज काय दाखवतं तेच खरं धरा. घोषणा चुकली की पैसे थांबतात. नोकरी लागली तर तसं लगेच कळवा. खोटी घोषणा देऊन घेतलेले पैसे वसूल होतात आणि कारवाईही होते.

एक गोष्ट इथे बोलली पाहिजे. सेवा सिंधू कन्नड आणि इंग्रजीत आहे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्य १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे १९५६ पासून मान्य झालेलं आहे. येळ्ळूर किंवा उचगावच्या आईबापांना मुलाच्या हक्काच्या योजनेची माहिती मराठीत मिळावी, ही मागणी रास्त आहे आणि ग्रामसभेत ती लेखी मांडत राहिलं पाहिजे. तोवर गावातल्या वाचनालयाने, तरुण मंडळाने आठवड्याला एक संध्याकाळ फॉर्मसाठी दिली तरी पुष्कळ मुलांचं काम होईल.

ईएसआय: नोकरी गेलेल्यांसाठी

पगारातून ईएसआय कापली जात होती का, हे आधी पाहा. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. ही केंद्राची योजना, त्यामुळे सीमा आडवी येत नाही. बेळगाव तालुक्यातून रोज शिनोळीला जाणारा, कोल्हापूरच्या गोकुळ शिरगावात खोली करून राहणारा किंवा गोव्यात वेर्ण्याला कामाला असलेला, सगळ्यांना नियम तेच. विमा क्रमांकही एकच, जन्मभराचा. नव्या कंपनीत गेल्यावर जुना क्रमांक सांगा. नवा काढू दिलात तर मागची भरणा तुटते आणि पुढे नुकसान होतं.

नोकरी गेल्यावर उपयोगी पडते ती अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. सुरुवात १ जुलै २०१८ ची. आधी सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळत, २०२० मध्ये ते ५० टक्के केले. आयुष्यात एकदाच, एकूण ९० दिवसांपर्यंत. योजनेला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे, तेव्हा शाखा कार्यालयात ती चालू असल्याची खात्री करून घ्या.

किमान दोन वर्षं विमाधारक नोकरी हवी. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे भरण्याचे सहामाही कालखंड असतात. नोकरी जाण्याआधीच्या लगतच्या कालखंडात किमान ७८ दिवसांची भरणा हवी आणि त्याआधीच्या तीनपैकी एका कालखंडात आणखी ७८ दिवसांची. गैरवर्तनाच्या शिक्षेने काढलेल्याला, निवृत्त झालेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला मिळत नाही. कंपनीने पोर्टलवर कामावरून जाण्याचं कारण काय टाकलंय ते म्हणूनच विचारून घ्या.

किती मिळतील याचा हिशोब करून पाहू. चार कालखंडांची एकूण कमाई भागिले ७३०, त्याच्या निम्मे. महिना १५,००० पगारावर सलग २४ महिने भरणा असेल तर ३,६०,००० भागिले ७३० म्हणजे दिवसाला साधारण ४९३, निम्मे २४६ आणि ९० दिवसांचे २२,००० च्या आसपास. पण ठेकेदाराने मधे मधे 'ब्रेक' दिला आणि भरणा १४ महिन्यांचीच झाली, तर कमाई २,१०,००० होते, भागाकार मात्र ७३० नेच. हातात येतात १३,००० च्या आत. ब्रेकची ही किंमत कुणी सांगत नाही. म्हणून नोकरी असतानाच दर सहा महिन्यांनी ईएसआयच्या पोर्टलवर आपली भरणा तपासा आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवा.

नोकरी गेल्याला ३० दिवस झाले की दावा करता येतो: पोर्टलवर, शाखा कार्यालयात जाऊन किंवा पोस्टाने. आधारची प्रत आणि बँकेचा तपशील लागतो. पूर्वी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र लागायचं, ती अट २०२० मध्ये काढली. कुणी त्यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका.

कारखानाच बंद पडला, कायद्याने कामगार कपात झाली किंवा कामाबाहेरच्या अपघाताने ४० टक्के तरी कायमचं अपंगत्व आलं, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना पाहा. दोन वर्षांची भरणा असेल तर २४ महिन्यांपर्यंत भत्ता मिळतो: पहिले १२ महिने ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. वैद्यकीय सोयही चालू राहते. यासाठी बंदची किंवा कपातीची लेखी नोटीस हातात हवी.

ज्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही

निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायका, वडगाव-खासबागच्या मागांवरचे मजूर, खानापूरकडच्या वीटभट्ट्यांवरची माणसं, यांना काम थांबल्यावर बेकारी भत्ता देणारी योजना आज नाही. ई-श्रम कार्ड जरूर काढा, पण त्यावर बेकारीचे पैसे मिळतात असं सांगून कुणी फी घेत असेल तर ते खोटं आहे. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीने मुलांच्या शिक्षणाला आणि अपघातात मदत होते, काम नसल्याबद्दल नाही. सगळ्यात जास्त वेळा काम थांबतं ते याच लोकांचं. त्यांना बाहेर ठेवणं हा सरळ अन्याय आहे.

नोकरी शोधताना

महाराष्ट्राने सीमाभागातल्या ज्या ८६५ गावांवर दावा सांगितलाय, तिथल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्र सरकारच्या भरतीत अर्ज करता येतो, हे अजून अनेक घरांत माहीत नाही. १० जुलै २००८ च्या शासन निर्णयानुसार त्या गावात १५ वर्षांचं वास्तव्य असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा लागतो. जाहिरातीतली ती अट नीट वाचा, आपलं गाव यादीत आहे का पाहा आणि दाखला आधीच काढून ठेवा, कारण जाहिरातीची मुदत संपेपर्यंत तो हातात पडेलच असं नाही. मात्र त्यासाठी आधारवरचा पत्ता पाहुण्यांच्या चंदगडच्या घरावर फिरवू नका. ८६५ गावांतला वास्तव्याचा पुरावाही त्याने कमजोर होतो आणि युवानिधीचा रहिवासही.