जँगोच्या सेटिंग्ज फाइलचा जन्म वृत्तपत्राच्या कचेरीत

देवगड-रत्नागिरीकडचे बागायतदार आता हापूसच्या पेट्या वेबसाइटवरून विकतात. अशी एखादी साइट जँगोवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या पायथन भाषेतल्या तयार सांगाड्यावर, असेल आणि तिच्या सेटिंग्ज फाइलमधली (साइट कशी चालवायची ते सांगणारी फाइल) ‘टाइम झोन’ची ओळ कुणी काढून टाकली, तर जँगो ‘अमेरिका/शिकागो’ ही वेळ धरतो. नव्या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये ‘यूटीसी’ (जागतिक प्रमाणवेळ) लिहून मिळतं, पण मुळातला डिफॉल्ट अजून शिकागोच आहे. एप्रिल-मे महिन्यात शिकागो आपल्या साडेदहा तास मागे असतं. म्हणजे सकाळी आठला आलेली ऑर्डर यादीत आदल्या रात्री साडेनऊची दिसणार, आणि पेट्या तर तारीख बघूनच गाडीत चढतात!

हे शिकागो आलं कुठून? जँगो घडला तो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या कचेरीत. तिथलं घड्याळ शिकागोच्या वेळेवर चालतं. ॲड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी 2003 मध्ये काम सुरू केलं, आणि जुलै 2005 मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. या वृत्तपत्राच्या एकाहून जास्त साइट्स होत्या आणि एकच बातमी दोन साइट्सवर लागायची. कोड तोच ठेवून प्रत्येक साइटला आपली सेटिंग्ज फाइल द्यायची, ही सोय त्या गरजेला नेमकी बसते. फाइल साध्या पायथनमध्येच ठेवली, हे मला आजही शहाणपणाचं वाटतं. त्याच काळात जावा भाषेतल्या स्ट्रट्स या अशाच सांगाड्यात पानापानाची जोडणी एक्सएमएल या वेगळ्या मांडणीच्या फाइलमध्ये लिहावी लागे. 2004 मध्ये आलेल्या रेल्स या रूबी भाषेतल्या सांगाड्याने त्याला वैतागूनच नावांचे संकेत पाळा, सेटिंग कमी करा, असा पवित्रा घेतला.

फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्डही असे. सर्व्हर आपला आणि माणसं घरचीच, तोवर कुणाला त्याचं काही वाटलं नाही. 2008 मध्ये गिटहब ही कोड ठेवायची आणि वाटायची साइट आली, कोड उघड्यावर ठेवायची सवय लागली आणि पासवर्डही कोडबरोबर बाहेर पडू लागले. मग ‘लोकल सेटिंग्ज’ नावाची दुसरी फाइल करून ती गिटमधून (कोडमधले बदल नोंदणाऱ्या साधनातून) वगळायची पद्धत पडली. 2011 मध्ये हेरोकू या ॲप्स चालवून देणाऱ्या कंपनीच्या ॲडम विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ ही बारा मुद्द्यांची नियमावली मांडली. त्यातला तिसरा मुद्दा असा, की ॲप कुठे चालतं त्यानुसार बदलणारी प्रत्येक गोष्ट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर नावानिशी ठेवलेल्या मूल्यात, ठेवा. कसोटीही सरळ दिली होती: तुमचा कोड या क्षणी जाहीर केला, तर एखादं गुपित फुटेल का? व्हेरिएबल्स काही नवी नव्हती, 1979 च्या युनिक्समध्येही होती. आज प्रोजेक्टमध्ये दिसणारी, अशी व्हेरिएबल्स लिहिलेली डॉट-एन्व फाइल याच वाटेने आली.

पण एन्व्हायर्नमेंटमधून येणारं सगळं मजकूर असतं, आणि खरा घोळ तिथे होतो. चुकांचा तपशील दाखवणाऱ्या ‘डीबग’ या सेटिंगसमोर ‘फॉल्स’ (म्हणजे बंद) लिहिलं तरी पायथनच्या लेखी तो रिकामा नसलेला मजकूर, म्हणजे ‘ट्रू’, चालूच. तो तसाच वापरला तर चालू साइटवर डीबग सुरू राहतो, आणि चूक झाली की कोडच्या ओळींसकट सगळा तपशील गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर येतो. नावात ‘पास’, ‘सीक्रेट’, ‘टोकन’ असे शब्द असलेली सेटिंग्ज जँगो त्या पानावर झाकतो, बाकीची दिसतात.

रेल्सने 2018 मध्ये, 5.2 आवृत्तीत, वेगळा मार्ग धरला: गुपितं कुलूपबंद करून कोडबरोबरच ठेवायची, किल्ली तेवढी बाहेर. जँगोने मात्र कुठलीच एक पद्धत लादलेली नाही. सेटिंग्ज फाइल पायथनचीच आहे, त्यामुळे एन्व्हायर्नमेंट वाचायची की आणखी कुठून आणायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.